हॉटेलात उरलेले बांधून घेण्यापेक्षा मुळात कमी का मागवता येऊ नये?

अर्धीप्लेट (धागाकर्ती)

बाहेर जेवायला गेल्यावर अन्न उरले की आपण ते कसेबसे संपवतो, नाहीतर पार्सल करून मागतो. माझ्या मते हे दोन्ही उपाय फार उशिराचे आहेत. किती लागेल हे पदार्थ शिजण्याआधी ठरायला हवे आणि ते ठरवता येईल एवढी माहिती देणे ही हॉटेलाची जबाबदारी आहे. मेन्यूकार्डावर पदार्थाचे नाव, किंमत आणि रसभरीत वर्णन असते, परंतु त्याचे वजन किती आणि तो किती जणांना पुरेल हे क्वचितच लिहिलेले असते. मग आपण अंदाजाने मागवतो, आणि भूक लागलेली असताना केलेला अंदाज बहुधा जास्तीचाच निघतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला २८ टक्के वाटा हॉटेले, खाणावळी, उपाहारगृहे अशा खानपान सेवांचा होता. जे वाया जात नाही तेही सगळे भुकेपोटीच खाल्ले जाते असे नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच पदार्थ ५०० ते १००० ग्रॅम अशा वेगवेगळ्या प्रमाणांत वाढला. सर्वांत मोठे प्रमाण समोर आले तेव्हा लोकांनी सर्वांत लहान प्रमाणाच्या तुलनेत ३० टक्के अधिक ऊर्जा पोटात घातली, आणि तरीही जेवणानंतर त्यांनी सांगितलेली तृप्ती जवळपास तेवढीच होती. म्हणूनच प्रत्येक मुख्य पदार्थाची हाफ प्लेट मिळावी आणि कार्डावर वजन छापावे, अशी माझी मागणी आहे.

भटारखाना

मी या व्यवसायात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. ताटाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश असतो. उरलेल्या रकमेतून जागेचे भाडे, पगार, इंधन आणि भांडी घासण्यापर्यंतचा सगळा खर्च निघतो. पदार्थ अर्धा केला म्हणून आचाऱ्याचा वेळ किंवा शेगडीवर अडलेली जागा अर्धी होत नाही. हिशेबच मांडायचा तर अर्ध्या प्लेटमध्ये माझा किमतीचा फक्त एक षष्ठांश भाग वाचतो. म्हणजे तेवढेच पैसे हाती राहायचे असतील तर हाफ प्लेट मला पूर्ण किमतीच्या पाच षष्ठांशाला विकावी लागेल. अर्ध्या पदार्थासाठी एवढी रक्कम कोण देईल? दुसरे असे की ब्रिटनमधील रॅप या संस्थेच्या पाहणीनुसार तेथील हॉटेलांत वाया जाणाऱ्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांशच ग्राहकाच्या ताटातले असते. बाकीचे साठवणीत आणि पूर्वतयारीत जाते. अन्नाची नासाडी थांबवायची असेल तर आधी स्वयंपाकघरात लक्ष घालावे, असे मी माझ्या लोकांनाही सांगतो.

दोनवेळचे

धागाकर्तीचा हेतू मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. एकट्याने राहणाऱ्या आणि रोज स्वयंपाक न करणाऱ्या माणसासाठी मोठी प्लेट म्हणजे एका किमतीत दोन जेवणे असतात. हाफ प्लेट पाच षष्ठांश किमतीला मिळणार असेल तर तोटा माझ्यासारख्यांचाच होईल. वर सांगितलेल्या प्रयोगातला धोकाही टाळता येतो : जेवायला बसताच डबा मागवावा आणि अर्धे अन्न पहिल्या घासाआधीच त्यात काढून ठेवावे, म्हणजे समोर उरलेले प्रमाणच लहान होते. शिवाय ते उष्टे होत नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२१ पासून, ग्राहकाने मागितल्यास उरलेले अन्न नेण्यासाठी डबा देणे हॉटेलांना बंधनकारक आहे. असा नियम असला की मागणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण राहत नाही, आणि बरेच अन्न या संकोचापायीच टेबलावर सोडले जाते, असे माझे निरीक्षण आहे.

शीतकपाट

डब्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी घड्याळाकडेही पाहावे, ही कळकळीची विनंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ५ अंश सेल्सिअसखाली थंड करावे आणि खाताना ७० अंशांपर्यंत पूर्ण गरम करावे. हे दोन तास हॉटेलातून निघाल्यावर सुरू होत नाहीत; अन्न टेबलावर येऊन निवू लागले की ते सुरू होतात. तासभर गप्पा, मग फेरफटका आणि घरी जायला लागणारा वेळ धरला तर मुदत वाटेतच संपते. गरम केले की सगळे ठीक होते हा समज तर विशेष घातक आहे. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरेअस हा जीवाणू वाढून उलट्या घडवणारे जे विष तयार करतो, ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. ज्यांना थेट घरी जायचे आहे त्यांनी जरूर न्यावे, अन्न उथळ डब्यात पसरून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. बाकीच्यांसाठी कमी मागवणे हाच सुरक्षित मार्ग आहे, आणि तेवढ्यापुरती मी धागाकर्तीच्या बाजूने आहे.

अर्धीप्लेट

भटारखाना, तुम्ही हिशेब उघडपणे मांडलात त्याबद्दल आभार. पाच षष्ठांश किंमत तुम्हाला रास्त वाटत असेल तर ती कार्डावर छापा आणि निवड ग्राहकावर सोडा. लहान मुले, वृद्ध माणसे आणि आजारातून उठलेले लोक ती आनंदाने देतील, कारण त्यांच्यापुढे आज निवडच नसते. दोनवेळचे यांची सोयही त्यात हिरावली जात नाही, कारण पूर्ण प्लेट बंद करा असे मी कुठेही म्हटलेले नाही. मात्र माझी खरी तक्रार न मागताच येणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. मुख्य पदार्थासोबतचा भात, कोशिंबीर, ब्रेड हे सगळे आपोआप आणि भरपूर येते, व टेबलावरून परत जाते तेही बहुतांशी हेच. हे पदार्थ आधी थोडे द्यावेत आणि मागेल त्याला त्याच किमतीत पुन्हा वाढावेत. यात तुमचा कच्चा माल वाचतो आणि किंमतही कमी करावी लागत नाही.

लहानताट

बुफेपुरती एक भर घालते. नॉर्वेतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॉटेलांमधली ताटे लहान केल्यावर अन्नाची नासाडी सुमारे २० टक्क्यांनी घटली. ‘हवे तितक्या वेळा पुन्हा घ्या’ असा फलक लावल्यानेही जवळपास तेवढाच परिणाम झाला.

भटारखाना

पुन्हा वाढण्याची सूचना मला पटते आणि सोबतच्या पदार्थांपुरती ती अमलात आणणे शक्य आहे. फक्त गर्दीच्या वेळी दुसऱ्यांदा वाढायला माणूस लागतो, हा खर्च तुम्ही धरलेला नाही. वजन छापण्यालाही माझी हरकत नाही, कारण त्यामुळे ‘किती जणांना पुरेल?’ या प्रश्नाला प्रत्येक वेटरने वेगळे उत्तर देणे थांबेल. परंतु सगळ्याच मुख्य पदार्थांची हाफ प्लेट ठेवण्याला माझा विरोध कायम आहे. भर गर्दीत एकाच पदार्थाच्या दोन मापांच्या ऑर्डरी शेगडीवर आल्या की चुका होतात, आणि चुकून बनलेली प्लेट ग्राहकापर्यंत न जाता थेट कचऱ्यात जाते. ज्या चार-पाच पदार्थांचा रस्सा किंवा मसाला आधीच तयार असतो, तेवढ्यांचीच हाफ प्लेट ठेवायला मी तयार आहे.

अर्धीप्लेट

चार-पाच पदार्थांपासून सुरुवात मला चालेल. मात्र ते कार्डाच्या शेवटच्या पानावर ‘मुलांसाठी’ या मथळ्याखाली न छापता मूळ पदार्थाच्याच ओळीत, दुसऱ्या किमतीसह छापावेत, कारण मोठ्या माणसाला कमी जेवायचे असेल तर त्याने मुलांच्या यादीत आपला पदार्थ का शोधावा?