सासुरवाडीचा व्हिसा 'नुसती फॉर्मॅलिटी' म्हणणाऱ्यांना

उद्यमबागवाला:
काल इथंच एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "परदेशी बायको केली की त्या देशाचं दार उघडंच. व्हिसा नुसती फॉर्मॅलिटी. ज्याला नाकारतात त्याच्या कागदातच खोट असते." खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर देत बसलो असतो तर शब्दाला शब्द वाढला असता, म्हणून वेगळा धागा.

माझी बायको शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, एका देशाची. नाव लिहीत नाही, मेव्हणा मराठी शिकतोय आणि इथं डोकावतो. बेळगावात उद्यमबागेत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. सासूबाईंच्या सत्तरीला जायचं ठरलं. फाइल लावली: आयटी रिटर्न, जीएसटीचे कागद, शेडचं भाडेपत्र, बँक स्टेटमेंट, लग्नाचा दाखला, सासूबाईंचं आमंत्रण, तीस हजार युरोचा प्रवासविमा. उत्तर आलं ते छापील कागदावर, एका ओळीपुढं फुली: मुदत संपायच्या आत परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका. अहो, लेथवर बँकेचं कर्ज, पोरगी इथल्या शाळेत, बायको इथं टिळकवाडीत भाजी घेताना घासाघीस करते, आणि मी तिकडं कुणाच्या तळघरात दडून बसणार?

पुढच्या सुट्टीत दोघं शेजारच्या देशात गेलो. तोही शेंगेनमधलाच, फॉर्मही तोच. पण त्या फॉर्मात काही रकान्यांवर चांदणी असते, धंदा काय, खर्च कोण करणार असल्या. युरोपीय संघाच्या नागरिकाबरोबर प्रवास करणाऱ्या नवऱ्यानं किंवा बायकोनं ते रकाने भरायचेच नसतात. फी शून्य. बाकीच्यांना 11 जून 2024 पासून 90 युरो आहे. विमा नको, हॉटेलचं बुकिंग नको. लग्नाचा दाखला, बायकोचा पासपोर्ट, ती बरोबर येतेय याचा पुरावा, संपलं. युरोपीय संघाचा 2004 चा 38 क्रमांकाचा निर्देश वाचा. नाकारायचं तर सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य किंवा लग्नच बनावट, एवढीच कारणं चालतात. परत जाणार का, हा प्रश्नच त्यात येत नाही.

मेख अशी की हा निर्देश बायको *परक्या* सदस्य देशात जात असेल तेव्हाच लागू. तिच्या स्वतःच्या देशात तिथला देशी कायदा. इटलीनं आपल्या नागरिकांच्या जोडीदारांनाही तीच सवलत दिलीय. जर्मनी फी माफ करते, पण तपासणी सोडत नाही. म्हणजे बायकोच्या माहेरी मी संशयित आणि शेजारच्या गावात पाहुणा. हे ज्यांना फॉर्मॅलिटी वाटतं त्यांनी सुरिंदर सिंग खटला वाचावा. नवरा भारतीय, बायको ब्रिटिश. दोघांनी जर्मनीत नोकरी केली, मग ब्रिटनला परतले. 1992 मध्ये युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की परत येताना तिचा हक्क तिच्याबरोबर येतो. आधी परदेशात संसार मांडा, मग स्वतःच्या देशात नवऱ्याला आणायचा हक्क मिळवा, असला प्रकार.

टिळकवाडी काका:
त्रास समजला, सूर पटला नाही. घरात कोणाला घ्यायचं हे घरमालक ठरवणार. लग्न तुम्ही त्या बाईशी केलंत, तिच्या सरकारशी नव्हे.

आणि आपण काय करतो ते बघा की. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे भारतात कायम राहायची मुभा देणारं कार्ड, हवं तर लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं पाहिजे, वर सुरक्षा तपासणी. तोवर मुदतीचा एक्स व्हिसा आणि एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर अपलोडाअपलोडी. घटस्फोट झाला की ओसीआय गेलं. आईबाप, आजीआजोबांपैकी कोणी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशचं निघालं तर विषयच संपला. तुमच्या बायकोनं हे सगळं गुमान केलं असणार. तेव्हा तुम्ही धागा काढला होता?

शहापूरकरीण:
काकांना शंभर टक्के. माझा नवरा ब्रिटिश. तिकडं लग्न झालंय म्हणून एक पौंड सवलत नाही, साधा व्हिजिटर व्हिसा, 2025 मध्ये 127 पौंड होता. मला आजवर कधी नाकारलं नाही. कारण मी रडत नाही, फाइल लावते. पहिल्या पानावर एक पत्र: का जाते, किती दिवस, इथं माझं काय अडकलंय. नोकरीचं रजापत्र, आईच्या औषधपाण्याची जबाबदारी माझ्यावर आहे त्याचे कागद, घराचा उतारा. प्रवासाच्या आठवड्यात बँकेत कोणीतरी पाच लाख टाकले असले तर ते कशाचे, तेही लिहायचं. वर्कशॉपवाले हेच विसरतात. रोखीचा धंदा, स्टेटमेंट कोरं आणि मग म्हणे संशय घेतला.

हो, दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा मिळाला तरी एका वेळी सहा महिन्यांवर राहता येत नाही, हे कुणी सांगत नाही. आणि ब्रेक्झिटच्या आधी त्या तुमच्या चांदणीचा फायदा मलाही होता. आता नवऱ्याबरोबर पॅरिसला जायचं तरी माझे 90 युरो वेगळे. म्हणून तुमचं रडगाणं ऐकून जरा हसू येतं.

उद्यमबागवाला:
माझं स्टेटमेंट कोरं नव्हतं हो बाई. फौंड्रीवाले चेकनंच पैसे देतात, तेही तीन महिन्यांनी. तुम्हाला मिळाला म्हणजे सगळ्यांना मिळतो हा कुठला न्याय?

घाटापलीकडची:
मी खानापूरची. लग्न होऊन गोव्यातल्या बारदेशात गेले, म्हणजे चोर्ला घाट उतरला की सासर. नवरा कोंकणी बोलतो, मासळीवाचून जेवत नाही, गणपतीला आमच्याकडं येऊन आरती म्हणतो. पण कागदावर तो परदेशी. पासपोर्ट पोर्तुगालचा. आज्याचा जन्म 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या, आधीचा, म्हणून लिस्बनला नोंद झाली, मग बापाची, मग ह्याची. त्या देशात त्यानं अजून पाय ठेवलेला नाही. काम करतो इंग्लंडात, गोदामात.

आमचं लग्न 2022 चं. 31 डिसेंबर 2020 च्या आधी नातं असतं तर त्याच्या सेटल्ड स्टेटसवर, म्हणजे तिथं कायम राहायच्या हक्कावर, मला फुकट फॅमिली परमिट होतं. आता बायको म्हणून जायचं तर त्याची कमाई वर्षाला 29,000 पौंड दाखवायला हवी. एप्रिल 2024 पर्यंत ती 18,600 होती. गोदामात ओव्हरटाइम धरूनही गाडी तिथं पोचत नाही. आणि व्हिजिटर व्हिसाला गेलं की विचारतात, नवरा इथं, मग तू परत का जाशील? शहापूरच्या ताईंनी पत्राचा नमुना द्यावा. माझं इथं काय अडकलंय? सासूबाई आणि दोन माड.

निपाणीकर:
वाईट वाटून घेऊ नका, पण ज्यांनी भारताचा पासपोर्ट टाकून दुसऱ्याचा घेतला त्यांनी व्हिसाची तक्रार करू नये. 451 वर्षं ज्यांच्या जोखडाखाली होतो त्यांच्याच दारात जाऊन नोंदणी? गोव्याच्या मुक्तीसाठी आमच्या भागातले लोक सत्याग्रहाला गेले, लाठ्या-गोळ्या खाल्ल्या. त्यांचा हा मान?

घाटापलीकडची:
वाईट वाटलं, वाटणारच. मी कुठलाही पासपोर्ट टाकलेला नाही, माझ्याकडं अशोकस्तंभाचाच आहे आणि त्यामुळंच रांगेत उभी आहे. नवऱ्यानं पोर्तुगालचा घेतला त्या दिवशी नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नं त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं, मतदान गेलं. हे त्यानं हौसेनं केलं नाही. जहाजावरच्या नोकऱ्या बापाबरोबर संपल्या, इथं हॉटेलात दहा हजारांवर कोण ठेवत नव्हतं. तुमच्या घरातलं कोणी अमेरिकेत नाही का हो?

निपाणीकर:
पुतण्या आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व सोडणं नव्हे.

घाटापलीकडची:
आणि कार्ड मिळून पाच वर्षं झाल्यावर काय घेणार आहे तो? रेशन कार्ड?

पोखऱ्याचा जावई:
कशाला भांडूलाय ओ? बायको नेपाळची करायची. 1950 चा करार आहे, व्हिसा नाही, फी नाही, मुलाखत नाही. सुनौलीला सीमेवरच्या कमानीखालून चालत गेलो, हातात बायकोची पिशवी. फक्त एक ध्यानात ठेवा, आधार चालत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. आमच्या सोबतचा एकजण आधार दाखवून हुज्जत घालत बसला, तो अजून तिथंच असेल.

टिळकवाडी काका:
जावईबापू, लग्न झालेल्यांना आता हा सल्ला देऊन काय उपयोग?

सीमावासी:
मूळ दुखण्यावर कोणी बोलतच नाही. हे सगळं कर्नाटकात डांबल्यामुळं. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये, त्याचं भाषांतर करा, नोटरी करा. पासपोर्टवर जन्मगाव बेळगाव, 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या सगळ्या कागदांवर बेळगावी. एका व्हिसा केंद्रातल्या पोरीनं मला विचारलं, ही दोन गावं आहेत का? वर शेंगेनच्या व्हिसासाठी पाचशे किलोमीटर बेंगळूर. 1956 पासून भोगतोय. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात तसाच पडलाय. महाराष्ट्रात असतो तर...

चंदगडी:
तर मुंबईला गेला असता. मी महाराष्ट्रातच आहे दादा, बाजाराला बेळगावात येतो. बायको पोलंडची. मला बेंगळूर चालत नाही, राहतो त्या राज्याप्रमाणं मुंबई. एसटीनं रात्रभर. आणि माझा लग्नाचा दाखला मराठीत, त्याचंही भाषांतर करावंच लागलं. तिथल्या माणसाला देवनागरी काय आणि कन्नड काय.

सीमावासी:
तुम्हाला हक्काची भाषा मिळाली म्हणून असं बोलता. आमच्या भावना तुम्हाला काय कळणार! 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला या एकदा.

चंदगडी:
येतो की. पण काळ्या दिनाला व्हिसा मिळत नाही.

निपाणीकर:
सीमाप्रश्नाची चेष्टा सहन केली जाणार नाही. ॲडमिन लक्ष द्या.

शहापूरकरीण:
ॲडमिननं आधी तुमच्याकडं लक्ष द्यावं. तासाभरापूर्वी एका पोरीला देशद्रोही ठरवलंत.

माझं एक सांगते, उद्यमबागवाल्यांना अगदीच चुकीचं म्हणत नाही. मला व्हिसा मिळतो, पण दर वेळी त्या पत्रात "मी परत येईन" हे लिहिताना नवरा शेजारी बसून टाइप करतो आणि त्याला शरम वाटते. एकदा म्हणाला, माझ्या आईला भेटायला तुला माझ्या सरकारची समजूत घालावी लागते. मी म्हटलं, आधी वाक्य नीट लिही, व्याकरण चुकलंय. तरीही कच्ची फाइल ती कच्चीच.

उद्यमबागवाला:
उपकार झाले. काकांचंही एक मान्य करतो, मनापासून नव्हे, पण करतो. बायकोच्या ओसीआयच्या वेळी मी गप्प होतो, कारण त्रास तिला होत होता. पण काका, आपलं सरकार दोन वर्षं थांबवतं म्हणून त्यांच्या सरकारनं सासूच्या वाढदिवसाला अडवायचं, हा हिशोब कुठल्या बँकेतला? ओसीआय म्हणजे आयुष्यभर राहायची सोय. मी दोन आठवडे मागत होतो.

टिळकवाडी काका:
अमेरिकेत त्याहून पुढं आहे. व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येकजण तिथं राहायलाच आलाय असं कायदाच धरून चालतो, 214 बी. नागरिकाचा नवरा असलात तर उलट संशय जास्त. तिथं अर्ज करून बघा, मग युरोप माहेरासारखा वाटेल. दोन आठवड्यांचं म्हणता ते ठीक. तेवढ्यापुरतं कबूल.

उद्यमबागवाला:
तेवढ्यापुरतं! लिहून ठेवतो.

घाटापलीकडच्या ताई, तुमच्यासाठी कामाचं. तुमचा नवरा पोर्तुगालचा नागरिक. इंग्लंड संघाबाहेर गेलं, तिथं माझ्या चांदणीचा उपयोग नाही. पण दोघांनी मिळून स्पेनला किंवा फ्रान्सला जायचं ठरवलं तर तो देश त्याच्यासाठी परका सदस्य देश. व्हिसा फुकट, अर्ज लवकर निकालात काढायचं बंधन त्यांच्यावर, 29,000 पौंडांची भानगड नाही. तो इंग्लंडहून येईल, तुम्ही गोव्याहून जा. लग्नाचा दाखला, त्याच्या पासपोर्टची प्रत, त्याचं तिकीट. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर आधी करून ठेवा. बोटांचे ठसे एकदा दिले की पाच वर्षांच्या आत पुन्हा जायचं तर बहुतेक वेळा नवे द्यावे लागत नाहीत. आणि 2024 पासून भारतीयांना नियम सैल झालेत, तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो.

घाटापलीकडची:
म्हणजे नवऱ्याला भेटायला मी स्पेनला जायचं? त्याची रजा वर्षाला अठ्ठावीस दिवस, त्यातले बरेचसे नाताळात कंपनीच ठरवते.

शहापूरकरीण:
मग नाताळात जा. त्याच्या कंपनीकडून रजेचं पत्र मागव, तारखा तिकिटाशी जुळल्या पाहिजेत. आणि पत्राचा नमुना मेसेजमध्ये टाकते. दोन माड काढून टाक, सासूबाई ठेव.

निपाणीकर:
फुकट व्हिसा पोर्तुगालच्या जिवावर. चालू द्या.

घाटापलीकडची:
पुतण्याची बायको भेटीला गेली की कळवा, तिलाही नमुना देईन.