८० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कोणते मासे निवडावेत? मदत हवी आहे

माझ्याकडे ६० सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद आणि ३८ सेंमी उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. हिशेबाने तिची क्षमता ८० लिटर भरते, परंतु खडक आणि वाळूची जागा वजा जाता प्रत्यक्षात पाणी ६५ लिटरच्या आसपासच असावे. टाकी सुरू होऊन नऊ आठवडे झाले. पहिले पाच आठवडे एकही मासा न सोडता, केवळ अमोनियाचे थेंब घालून तो पचवणारे जिवाणू वाढू दिले. आता अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएम, विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचे माप) १.०२५ आणि तापमान २६ अंश सेल्सिअस असे आकडे स्थिर आहेत. पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते, म्हणून रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत आरओचे गोडे पाणी घालतो. थोडक्यात, पाण्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या निवडीची.

पहिला मासा म्हणून विक्रेत्याच्या सल्ल्याने एक निळा डॅमसेल सोडला. ‘हा काटक असतो, सहसा मरत नाही’ हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. तो इतरांना जगू देतो की नाही, हे मीही विचारले नाही. डावीकडच्या खडकात अंगठा जेमतेम शिरेल एवढे एक भोक आहे, ते त्याने घर केले आहे. काच पुसायला हात घातला की येऊन बोटाच्या पेरावर टोचा मारतो, आणि खोलीतला दिवा अचानक लागला की क्षणात काळपट पडून त्याच भोकात दडतो. मागच्या आठवड्यात सोडलेल्या फायरफिशला त्याने तीन दिवस पंपामागे कोंडून ठेवले. चौथ्या दिवशी फायरफिश टाकीत नव्हता. हीटरची वायर बाहेर येते तिथे झाकणाला दोन बोटांची फट आहे. तिच्यातून उडी मारून तो टाकीमागे जमिनीवर पडला होता आणि मला सापडला तेव्हा पार वाळला होता.

पुढे दोन ऑसेलॅरिस क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक पिवळा वॉचमन गोबी व त्याच्या जोडीला पिस्तूल कोळंबी, आणि पुन्हा एक फायरफिश, असा माझा विचार आहे. घरातील लहान मंडळींचा हट्ट निळ्या टँगसाठी होता. हा मासा ३० सेंमीपर्यंत वाढतो, म्हणजे टाकीच्या निम्म्या लांबीचा होतो, हे पट्टी धरून दाखवल्यावर हट्ट निवळला. आता त्यांनी मँडरिन माशाचे बोट धरले आहे. एवढ्या पाण्यात हे पाच मासे जास्त होतात का, ते कोणत्या क्रमाने सोडावेत आणि डॅमसेलचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण लिटर मोजत आहात. माझ्या मते एवढ्याशा टाकीत जागा मोजाव्यात. वॉचमन गोबी तळाशी राहतो, कोळंबी वाळूत बीळ खणते आणि नजर अधू असल्यामुळे मिशी गोबीच्या अंगाला टेकवून बाहेर येते, तर गोबी दाराशी पहारा देतो. हे बिऱ्हाड वरच्या कोणाच्या वाटेत येत नाही, मात्र खडक वाळूवर नव्हे तर थेट काचेच्या तळावर टेकलेले असावेत, नाहीतर बीळ खणता खणता खडक ढासळतो. ग्रामाला कपार लागते. तो तिच्या छताला उलटा लटकलेला दिसला तर घाबरू नये, ती त्याची नेहमीची सवय आहे.

क्लाउनफिश मात्र शेवटी सोडावेत. तेही डॅमसेलच्याच कुळातले आहेत, हे त्यांच्या गोंडस रूपामुळे विसरायला होते. दोन्ही पिल्ले लहान आणि आकाराने थोडी वेगळी घ्यावीत. सगळी पिल्ले आधी नरच असतात, त्यातले वरचढ असेल ते पुढे मादी होते आणि भांडण तिथेच मिटते. ज्याच्या आसऱ्याने ते समुद्रात राहतात त्या समुद्रफुलाची त्यांना टाकीत गरज नाही आणि नऊ आठवड्यांच्या टाकीत ते टिकणारही नाही. मँडरिन तर सोडाच. तो दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत असतो, ते आपल्या टाकीत थोड्याच दिवसांत संपतील आणि मासा उपाशी राहील.

डॅमसेल काढावाच लागेल. जाळीने त्याच्या मागे लागू नका. रात्री दिवे गेल्यावर तो भोकात झोपतो, तेव्हा तो खडकच सावकाश उचलून बादलीवर धरावा आणि भोकात टाकीचेच पाणी ओतावे.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु मी पाचऐवजी चारच मासे ठेवीन आणि ग्रामा गाळून फायरफिश ठेवीन. ग्रामा आपल्या कपारीपाशी फिरकणाऱ्याला जबडा वासून हुसकावतो, आणि ६० सेंमीच्या टाकीत भित्र्या माशाला पळून जायला दुसरी कपार नसते. अर्थात झाकणाऐवजी कडेपर्यंत घट्ट बसणारी बारीक जाळी लावल्याशिवाय फायरफिशचे नावही काढू नये.

आणखी एक. आपल्या लिखाणात विलगीकरणाचा उल्लेख दिसला नाही. नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पडणारा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, की त्यावरचे तांब्याचे औषध तिथे वापरता येत नाही, कारण त्याने कोळंबी मरते. त्या वेळी सगळे मासे बाहेर काढून टाकी कित्येक आठवडे माशांविना ठेवावी लागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री खडक उचलला. तो पाण्याबाहेर आला तरी डॅमसेल भोकातून हलला नाही. पाण्याचा दुसरा मग ओतल्यावर बादलीत पडला, तोही पूर्ण काळा पडलेला. आज तो विक्रेत्याकडे परत दिला. खडक उचलताना कळले की उजवीकडचे दोन खडक नुसते वाळूवर टेकले आहेत, त्यामुळे गोबी आणण्याआधी ते काचेवर बसवतो आहे.

ग्रामा की फायरफिश या वादात मी फायरफिशच्या बाजूने आहे, कदाचित थोडे अपराधीपणामुळेही. जाळी करायला टाकली आहे. विलगीकरणासाठी ३० लिटरची जुनी टाकी आहे, तिच्यात वाळूऐवजी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे लपायला ठेवीन. एकच शंका उरते: गोबी आणि फायरफिश हे दोघे त्या ३० लिटरमध्ये चार आठवडे एकत्र ठेवले तर चालेल, की एकेक करून आणावेत?