गोव्यातल्या साळावली धरणाचं पाणी सगळ्यांचं, मग धरणग्रस्तांना सवलत कशाला?

मडगावकर: धरण सरकारी पैशातून झालं, म्हणजे माझ्याही करातून. धरणात गाव बुडालेल्या कुर्डीवाल्यांना भरपाई मिळाली, जमीन मिळाली. चाळीस वर्षांनी पाणीपट्टीत सवलत मागता? सगळ्यांना एकच दर, हाच न्याय.

सांगेकर: वा रे न्याय! कुर्डी बुडाली ती सासष्टी-मुरगाव तालुक्यांच्या नळांसाठी. भरपाई एकदाच मिळाली, तुमचा नळ मात्र रोज वाहतो. आमचं कुळागर होतं, पोफळीची बाग, झाडांवर मिरवेली चढवलेल्या. झाडं मोजली, पैसे हातावर ठेवले, संपलं. पुनर्वसनात वाळकिणीला जी जमीन दिली तिथं सगळा मुरूम, आजोबांनी लावलेली एक पोफळ जगली नाही. आता मे महिन्यात धरण आटलं की सोमेश्वराच्या देवळापाशी जमायचं नि आपलं जोतं कुठलं ते शोधायचं. या, तुम्हीही या एकदा.

मडगावकर: भावनिक करू नका. मग मुरगावनं तहानलेलं राहायचं होतं?

दोडामार्गकर: तिळारी धरण बघा, गोवा नि महाराष्ट्राचं मिळून. पाण्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के, खर्चही त्याच प्रमाणात. कागदावर चोख! गावं बुडाली ती मात्र आमच्या, महाराष्ट्राच्या बाजूची. ती कुठल्या टक्क्यात धरली?

बार्देशकर: आणि ते तिळारीचं पाणी जातं कुठं? आमच्या वाड्यावर नळ पहाटे तीनला करंगळीएवढा येतो. शेजारच्या व्हिलात मालक वर्षातून दोनदा उगवतो, पण पूल काठोकाठ. रोज टँकर! 2021 साली घरटी महिन्याला 16 हजार लिटर पाणी फुकट केलं होतं म्हणे. नळच कोरडा, तर फुकट काय, हवा?

टँकरवाल्याचा भाऊ: टँकरवाल्यांना चोर म्हणू नका. डिझेल कोण घालतो?

बार्देशकर: चोर कोण म्हणालं? पण गावची विहीर रिकामी करून पूल भरता, तिचं भाडं गावाला देता का?

टँकरवाल्याचा भाऊ: विहीर खाजगी आहे!

बार्देशकर: झरा पण खाजगी काय? बाजूच्या तीन विहिरी तळाला गेल्या, त्यात आमची एक.

सांगेकर: अरे, विषय कुर्डीचा चाललाय.

मडगावकर: बरं बाबा, हरलो. बिलावर एक ओळ वाढवा, ‘कुर्डी अधिभार’. माझ्या फ्लॅटला पाच रुपये लावा. खूश?

सांगेकर: टोमणा म्हणून म्हणालास, पण चालेल. फक्त फ्लॅटला पाच, तर हॉटेलला किती तेही लिही. आणि एकदाच नाही हं, दर महिन्याला.

टँकरवाल्याचा भाऊ: टँकरला पण लावणार काय?