तोंडाशी आटे असतील तर कानस लावू नका

एकांनी विचारलंय की आजोबांच्या १२ बोअरच्या विलायती दुनळीत फक्त तोंडाशी चरे आहेत, मागे नळ्या गुळगुळीत, तर गंज समजून घासून घ्याव्यात का? अहो, अजिबात नको! चरे तिरके, समान अंतरावर आणि शेवटच्या दोन-तीन इंचांतच असतील, तर ते गोळीला फिरकी देण्यासाठी मुद्दाम पाडलेले आटे असण्याची दाट शक्यता आहे. ही 'पॅराडॉक्स' नावाच्या, छर्रे आणि गोळी दोन्ही उडवणाऱ्या बंदुकीची खूण. जॉर्ज फॉस्बेरी या हिंदुस्थानात लढलेल्या लष्करी अधिकाऱ्याची ही कल्पना, पेटंट १८८५चं, बंदुका हॉलंड अँड हॉलंड या कंपनीच्या. त्याच नळीतून छर्रेही उडायचे आणि जड गोळीही बऱ्यापैकी नेमकी जायची. तितरांमागे गेलेल्यासमोर अस्वल उभं राहिलं तरी अडायचं नाही.

आता नळ्यांवरचं नाव वाचा. वेस्टली रिचर्ड्स या दुसऱ्या कंपनीची अशीच बंदूक असेल तर 'एक्सप्लोरा' लिहिलेलं असेल. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर मागे दुमडणारी साईट (नेम धरायची खाच) आहे का? साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीला ती सहसा नसते.

नळीवर 'नॉट फॉर बॉल' शिक्का म्हणजे बंदूक दुर्मीळ, असंही कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. १८७५ ते १८८७ दरम्यान चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित निमुळत्या नळ्यांवर तो सर्रास मारत. काळ ठरवायला उपयोगी, एवढंच. शिवाय हा शिक्का गोळी घालू नका म्हणतो, म्हणजे तो दिसला तर पॅराडॉक्सची आशा सोडाच.

आणि हो, जुनी असली तरी दुरुस्तीनंतर चालण्याजोगी बंदूक परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. आजोबांचा परवाना वारसांच्या नावावर झालाय ना, ते आधी बघा.