टॉमकॅट बंद होतच नाही, किल -९ शिवाय मार्ग आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. एका पतसंस्थेचं जुनं जावा अ‍ॅप सांभाळतो. उबुंटूवर टॉमकॅट ९ (जावाची वेब अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हर). शनिवारी रात्री नवी वॉर फाइल (अ‍ॅपची नवी आवृत्ती) टाकण्यासाठी सर्व्हर बंद करायला जातो आणि तिथेच घोडं अडतं. शटडाउन स्क्रिप्ट चालवली की ८०८० पोर्ट लगेच बंद. पण पीएस मारून (चालू प्रोसेसची यादी काढून) बघावं तर जावाची प्रोसेस जिवंत! दहा मिनिटं थांबलो तरी ढिम्म. शेवटी किल -९, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने जागीच मारायची.

आजवर खपून गेलं. गेल्या शनिवारी मात्र व्याज आकारणीचा जॉब चालू असतानाच किल दिला. डेटाबेसने अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक केलं, म्हणजे मागे फिरवलं, पण एसएमएस तोवर निघून गेले होते. जॉब परत चालवला, चाळीसेक खातेदारांना तोच मेसेज दोनदा. सोमवारी मॅनेजरसाहेबांनी चहासुद्धा विचारला नाही, यावरून समजा.

लॉगमध्ये दर वेळी इशारा असतो: 'पूल-३-थ्रेड-१' हा थ्रेड (प्रोसेसच्या आत स्वतंत्र चालणारं काम) अ‍ॅपने सुरू केला पण थांबवला नाही, मेमरी लीक होईल. मेमरीचं काहीतरी म्हणून मी सोडून देत आलो. हाच चोर असेल का? की सगळं सिस्टमडीकडे (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेकडे) सोपवू?

प्रतिसाद १:
हाच चोर. स्क्रिप्ट ८००५ पोर्टवर फक्त निरोप देते. टॉमकॅट आपला गाशा गुंडाळतो, पण डीमन (जो चालू असला तरी प्रोसेस बंद होऊ शकते असा) नसलेला एक जरी थ्रेड उरला तरी जेव्हीएम, म्हणजे जावाची प्रोसेस, बंद होत नाही. नुसता किल, म्हणजे सिग्नल १५ (बंद होण्याची विनंती), दिलात तर प्रोसेस जाईल. जॉब मात्र तसाच मध्ये तुटेल. सिस्टमडीही आधी १५ देतो आणि एरवी ९० सेकंदांनी तुमचाच -९.

खरा इलाज कोडमध्ये. कॉन्टेक्स्ट लिसनरच्या कॉन्टेक्स्ट-डिस्ट्रॉइडमध्ये (अ‍ॅप बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये) एक्झिक्युटरला, म्हणजे हे थ्रेड चालवणाऱ्या पूलला, शटडाउन सांगा आणि अवेट-टर्मिनेशनने जॉब संपेपर्यंत थांबा. डेटाबेसचा कनेक्शन पूल त्यानंतर बंद करायचा, उलटं केलंत तर जॉब कनेक्शनसाठी बोंबलेल. सिस्टमडी वापरलात तर टाइमआउट-स्टॉप-सेक (-९ देण्याआधीची मुदत) या थांबण्यापेक्षा मोठा ठेवा.

तोवर किल देण्याआधी जेस्टॅक (कोणता थ्रेड काय करतोय याची यादी) काढून बघत जा.

धागाकर्ता:
आत्ताच टेस्ट सर्व्हरवर जेस्टॅक काढला. पूल-३-थ्रेड-१ टाइम्ड-वेटिंगमध्ये पार्क झालेला (ठरावीक वेळेपर्यंत थांबलेला) दिसतोय. म्हणजे जॉब चालू नाही, नुसता पुढच्या वेळेची वाट बघत बसलाय ना? अशा वेळी १५ दिला तर चालेल?

प्रतिसाद २:
पूलमधले सगळेच थ्रेड असे पार्क झालेले असतील आणि कुणाच्याच स्टॅकमध्ये तुमच्या जॉबचा कोड दिसत नसेल तर बिनधास्त द्या. नुसत्या टाइम्ड-वेटिंगवर जाऊ नका, चालू जॉब कनेक्शनची वाट बघत असला तरी तसाच दिसू शकतो.