मदत हवी आहे : ३६९ व्या रेजिमेंटच्या फ्रेंच नोंदी

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने कृष्णवर्णीय सैनिकांची ३६९ वी पायदळ रेजिमेंट फ्रेंच सैन्याच्या हवाली केली आणि ती फ्रेंच शिरस्त्राणे घालून १९१ दिवस आघाडीवर राहिली. तिच्यातील हेन्री जॉन्सन मे १९१८ मध्ये रात्रीच्या पहाऱ्यावर, रायफल अडकल्यावर सुऱ्याने लढले. त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते २०१५ मध्ये, मरणोत्तर, आणि ही दिरंगाई मनाला फार लागते. त्यांच्यावर मराठीत लेख लिहीत आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील लष्करी दप्तरखान्यातील त्या काळच्या बहुतेक सेवानोंदी १९७३ च्या आगीत जळाल्या. रेजिमेंट न्यूयॉर्कची, म्हणून त्या राज्याची सेवापत्रके पाहिली, पण त्यांत चकमकीचा तपशील नाही. मला फ्रेंच येत नाही, पॅरिसला जाणेही शक्य नाही. त्या रात्रीची नोंद, रेजिमेंट तेव्हा जिच्या हाताखाली होती त्या फ्रेंच १६ व्या डिव्हिजनच्या युद्धदैनंदिनीत ऑनलाइन वाचता येते का, आणि ती नेमकी कशी शोधावी?