मदत हवी आहे: १८९९ची 'ब्लॅक ईगल' डॉलर नोट धुतलेली आहे का?

निळीशाई: १८९९ मालिकेचं अमेरिकेचं एक डॉलरचं सिल्व्हर सर्टिफिकेट (चांदीच्या आधारावर काढलेली सरकारी नोट) घ्यायचा विचार आहे. मधे गरुड, खाली लिंकन आणि ग्रँट, सह्या स्पीलमन-व्हाइट या कोषागाराच्या अधिकाऱ्यांच्या. विक्रेता 'न वापरलेली' म्हणतो, पण उजेडासमोर धरली की मधली घडी पुसट दिसते, कागदही जरा जास्तच पांढरा वाटतो. नोट पाकिटाबाहेर काढून बघता येईल. नेमकं काय तपासू?

जुनाकागद: घडी दिसली तिथेच 'न वापरलेली' हा दावा संपला. आता ती दाबून लपवली आहे का ते बघायचं. नोट टेबलावर ठेवा, खोलीतले दिवे मालवा आणि टॉर्च कडेने, कागदाला जवळजवळ समांतर धरा. या नोटा ओलसर कागदावर कोरीव ठशाने, प्रचंड दाबाखाली छापल्या जात. त्यामुळे शाईचा उंचवटा बोटाला जाणवतो आणि मागे उठाव उमटतो. गरुडाच्या पिसांच्या रेषांची बारीक सावली पडायलाच हवी. नोट दाबली की उठाव बसतो. घडीवर तुटलेली शाई मात्र तशीच राहते. ती दहापट भिंगातून दिसेल.

मग ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) टॉर्च. त्या काळच्या कागदात शुभ्रता आणणारी रसायनं नव्हती, म्हणून नोट मंदच दिसली पाहिजे. सगळी निळसर चमकली तर डिटर्जंटचा संशय घ्या. एखादाच ठिपका चमकला तर तिथे टाचणीचं भोक नव्या कागदाने बुजवलेलं असू शकतं.

मोजपट्टी: मापही घ्या, साधारण १८९ × ७९ मिमी. कड बाकी कागदापेक्षा पांढरी आणि धारदार असेल तर कातरलेली समजा. आणि १८९९ हे मालिकेचं साल आहे, छपाईचं नव्हे. स्पीलमन १९२२मध्ये पदावर आले, म्हणजे तुमची नोट त्यानंतरची. ही जोडी भरपूर मिळते, घाई नको. दुर्मीळ म्हणाल तर नेपियर-थॉम्पसन, कारण ते दोघं जेमतेम काही महिने एकत्र पदावर होते.

निळीशाई: आभार! घडीवर शाई तुटली आहे, उठाव शाबूत आहे, यूव्हीत चमक नाही.

जुनाकागद: मग बहुधा न धुतलेली, एका घडीची प्रामाणिक नोट. नोटांच्या दर्जाच्या ७० गुणांच्या मापावर ५० ते ५८च्या आसपास धरा आणि भाव त्याचाच द्या. घरी आणल्यावर पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातलं तेलकट द्रव्य शाईला चिकटतं. मायलारचं (पॉलिएस्टर फिल्मचं) पाकीट घ्या. घडीवर इस्त्री अजिबात नको.